‘दुखतंय’च्या पुढचे शब्द: ओईटीची तयारी आणि माझी वही

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून जाण्यासाठी मी ओईटी ही आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा दिली. तिचा निकाल हातात आल्यापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या सिस्टर्सचे फोन येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: “माझं शिक्षण मराठीतून, इंग्रजी शब्दच सुचत नाहीत, मला जमेल का?” फोनवर तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून काढते. कागदपत्रं, पैसे, वाट बघणं हे येईलच. पण जास्त लिहिणार आहे ते शब्दांबद्दल. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला आणि उपयोगही त्याचाच झाला.

मी मिरजेत एका खासगी रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. शाळा दहावीपर्यंत तासगाव तालुक्यात, मराठी माध्यमात. पुढे जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बीएस्सी. नर्सिंगची पुस्तकं इंग्रजी, केस शीट इंग्रजी, राउंडला डॉक्टरांशी बोलणं अर्धं इंग्रजी. पण ते इंग्रजी ठरावीक साच्याचं. ‘पेशंट स्टेबल’, ‘व्हायटल्स नॉर्मल’, ‘कंप्लेंट ऑफ पेन’. रुग्णाशी दिवसभर मराठी, कधी हिंदी, सीमेपलीकडून आलेल्यांशी मोडकं कन्नड. माणसाला नेमकं काय होतंय, काय वाटतंय, हे इंग्रजीत विचारायची वेळ नोकरीत कधी आलीच नव्हती.

इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी आयईएलटीएस अकॅडमिक किंवा ओईटी, दोन्हींपैकी एक परीक्षा चालते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतो. ओईटीत त्याच तीन भागांत बी ग्रेड, म्हणजे ५०० पैकी किमान ३५०, आणि लेखनात सी प्लस, म्हणजे ३००. आयईएलटीएसचा विषय काहीही असू शकतो, शहरांची वाहतूक म्हणा, जुनी नाणी म्हणा. ओईटीत सगळं रुग्णालयातलंच. फी जवळजवळ दुप्पट, तरी मी ओईटी निवडली. विषय ओळखीचा असला की निम्मी भीती तिथेच उतरते.

हे ठरलं जानेवारी २०२४ मध्ये. आधी पासपोर्ट हवा. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख घेतली, फी १,५०० रुपये. चौकीतून पडताळणीला बोलावलं, तेव्हा आधार, लाइट बिल आणि शेजारच्या दोन काकूंच्या सह्या एवढ्यावर काम झालं. इथे एक सूचना. परीक्षेचा अर्ज भरताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. आपल्याकडे पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र येतं. तेही पूर्ण लिहायचं. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र म्हणून पासपोर्टच बघतात आणि नाव जुळलं पाहिजे.

पासपोर्ट येईपर्यंत ऑनलाइन क्लास लावला, बारा हजार रुपये. परीक्षेचा आराखडा तिथे चांगला समजला. शब्दसंग्रहाच्या नावाखाली मात्र लांबलचक याद्या यायच्या. ‘प्लेथोरा’, ‘मिरियड’, ‘युबिक्विटस’. रोज वीस शब्द पाठ करा, रविवारी चाचणी. रात्रपाळी करून आल्यावर मी ते पाठ करायची, गुण चांगले पडायचे आणि पुढच्या रविवारपर्यंत निम्मे शब्द गेलेले असायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते शब्द वापरायला जागाच नव्हती. ऑपरेशन झालेल्या माणसाशी बोलताना ‘प्लेथोरा’ कुठे घालणार?

वळण मिळालं ते आमच्या भूलतज्ज्ञ मॅडममुळे. ऑपरेशननंतर दुखण्याची नोंद आम्ही ० ते १० आकड्यांत करतो. मॅडम राउंडला आल्या, मी म्हटलं, “मॅडम, पेन स्कोअर सहा.” त्या म्हणाल्या, “सिस्टर, सहा किती ते कळलं. कसं दुखतंय ते विचारलंत का?” मग त्यांनी मॅकगिल पेन क्वेश्चनेअरबद्दल सांगितलं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये ती प्रश्नावली प्रसिद्ध केली. दुखणं सांगणारे ७८ इंग्रजी शब्द त्यांनी २० गटांत लावले आणि गटातले शब्द चढत्या तीव्रतेने ठेवले. मॅडमनी एका पानाची प्रत काढून दिली. ते पान मी घरी आणलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा इंग्रजी शब्द वाचताना डोळ्यांसमोर माणसं आली.

कारण ती सगळी दुखणी मी ऐकलेली होती. आपल्या भागातला रुग्ण नुसतं ‘दुखतंय’ म्हणून थांबत नाही. ठणकतंय, ठसठसतंय, सणक मारतीय, चमक भरलीय, मुरडा येतोय, चरचरतंय, हुळहुळतंय, जळजळतंय, पाय ओढतायत, डोकं फुटायला आलंय. अल्सरचं दुखणं असलेल्या जत तालुक्यातल्या एका आजींना मी मुद्दाम विचारलं होतं, “आजी, कसं दुखतंय, नीट सांगा की.” त्या पोटावर मूठ दाबून म्हणाल्या, “आतनं कुरतडल्यागत हुतंय बग पोरी. खाल्लं की जरा गप बसतंय, पुन्ना सुरू.” मॅकगिलच्या पाचव्या गटात ‘नॉइंग’ हा शब्द आहे. उंदीर दोरी कुरतडतो त्यालाही इंग्रजीत तेच क्रियापद. आता तो शब्द मी विसरणं शक्य नव्हतं, कारण त्याला आजींची मूठ चिकटली होती.

तिथून शब्द शिकायची माझी पद्धतच फिरली. शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक पानाचे चार रकाने पाडले. पहिल्यात रुग्णाचे मराठी शब्द, जसेच्या तसे, ग्रामीण असले तरी. नाव, खाट क्रमांक काही नाही, फक्त बोलणं. दुसऱ्यात इंग्रजी शब्द. तिसऱ्यात तो शब्द कुणाबरोबर येतो ते. चौथ्यात तो कुणाच्या तोंडी शोभतो: रुग्णाच्या, नर्सच्या, की डॉक्टरला लिहिलेल्या पत्राच्या.

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा निघाला. ‘थ्रॉबिंग’ म्हणजे ठसठसणारं, हे अर्ध्या मिनिटात कळतं. पण इंग्रजीत थ्रॉबिंग बहुतेक डोकं, दात किंवा पू झालेलं बोट असतं. ‘क्रशिंग’ छातीचं, ‘क्रॅम्पिंग’ पोटाचं किंवा पोटरीचं, ‘शूटिंग’ कमरेतून पायात उतरणारं, ‘स्प्लिटिंग’ फक्त डोकं. ‘टेंडर’ म्हणजे दाबलं की दुखतं, त्यामुळे ते रुग्णापेक्षा तपासणाऱ्याच्या तोंडी जास्त. जोडी चुकली तर अर्थ पोचतो, पण ऐकणारा क्षणभर अडखळतो. शिकणाऱ्यांसाठी केलेले ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं असतात. समानार्थी शब्दांच्या याद्या बघण्यापेक्षा ती दोन वाक्यं वहीत उतरवणं कितीतरी उपयोगी, कारण यादी सगळे शब्द सारखेच असल्यासारखे दाखवते आणि खरी गंमत त्यांच्यातल्या फरकात असते.

तीव्रतेच्या क्रमाचाही मी सराव केला. मॅकगिलमध्ये उष्णतेचा गट असा आहे: हॉट, बर्निंग, स्काल्डिंग, सिअरिंग. मी त्यावरून भावनांच्या उतरंडी स्वतः तयार केल्या. अनईझी, वरीड, अँक्शस, फ्रायटन्ड, टेरिफाइड. किंवा टायर्ड, ड्रेन्ड, एक्झॉस्टेड. किंवा अनॉइड, फेड अप, फ्युरिअस. ड्युटीवर कुणाचा चेहरा बघितला की मनात ठरवायचं, हे काका आत्ता कुठल्या पायरीवर आहेत. खर्च शून्य, वेगळा वेळ शून्य, आणि दिवसभरात कितीतरी वेळा उजळणी.

लक्षात ठेवण्यासाठी डबा केला. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या सेबास्टियन लाइटनर यांनी मांडलेली ही पद्धत आहे. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून पाठकोऱ्या बाजूला कार्डं केली. एका बाजूला आजींचं वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द आणि त्याची जोडी. मिठाईच्या खोक्यात चार कप्पे: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा, पंधरवड्याचा. आठवलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं की परत पहिल्यात. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं. मला हाताने लिहिलेलं जास्त टिकतं. सासूबाई रात्री भाजी निवडताना कार्डाची मराठी बाजू मोठ्याने वाचायच्या आणि मी उत्तर द्यायची. “अगं, हे तर माझ्या गुडघ्याचंच लिहिलंयस,” असं त्या एकदा म्हणाल्या. ‘डल एक’, म्हणजे मंद दुखणं, हे कार्ड त्यांचंच होतं.

मे महिन्यात ऑगस्टच्या परीक्षेची नोंदणी केली. फी ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, त्या वेळच्या भावाने बत्तीस हजारांच्या वर, शिवाय चलन बदलण्याचे बँकेचे वेगळे. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, आणि दिवसाची मर्यादाही बघा. एवढी रक्कम एकदम भरताना हात थांबतो. आमच्या घरात त्या पैशांतून स्वयंपाकघराची फरशी व्हायची होती. यजमान म्हणाले, “फरशी कुठं पळून जात नाही.” त्या वाक्याने फार धीर आला.

लेखनाची तयारी वेगळ्या तऱ्हेने करावी लागली. ओईटीत रुग्णाच्या नोंदी देतात, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस मिनिटं लिहायला. साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, बहुतेक दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला. इथे भरगच्च शब्द नकोत, संक्षेप आणि स्पष्टता यांना वेगळे गुण आहेत. पण एक नेमका शब्द पूर्ण वाक्याचं काम करतो. रुग्णाचं इंजेक्शन घ्यायचं मन होत नाही, तर ‘रिलक्टंट’. ठाम नकार आहे, तर ‘ॲडमंट’. कुणाशी बोलत नाही, तर ‘विदड्रॉन’. बोलताना डोळे भरून येतात, तर ‘टिअरफुल’. चालताना तोल जातो, तर ‘अनस्टेडी ऑन हर फीट’. पत्र वाचणाऱ्या नर्सला माणूस दिसला पाहिजे, एवढीच कसोटी मी लावायची. ‘टमी’ हा शब्द रुग्णाशी बोलताना गोड वाटतो, पत्रात मात्र ‘ॲब्डॉमिनल’च. चौथा रकाना इथे कामी आला.

संभाषणाचा सराव शेजारच्या वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरबरोबर केला. तीही त्याच परीक्षेला बसत होती. ड्युटी संपली की चेंजिंग रूममध्ये पंधरा मिनिटं. एकीने रुग्ण व्हायचं, एकीने नर्स. परीक्षेत असे दोन प्रसंग असतात, प्रत्येकी पाच मिनिटांचे, तयारीला तीन-तीन मिनिटं. आपल्याकडे सवय अशी की रुग्ण घाबरला की लगेच ‘डोन्ट वरी’. ती रुग्ण झाली की त्यावर नुसती बघत बसायची आणि म्हणायची, “बट आय ॲम वरीड.” मग मी तिची पायरी ओळखून म्हणायची, “यू सीम अनईझी अबाउट गोइंग होम विथ द ड्रेन. व्हॉट वरीज यू द मोस्ट?” लगेच बोलणं पुढे सरकायचं. परीक्षकही हे बघतात. उच्चार, ओघ आणि व्याकरणाबरोबर रुग्णाशी नातं जोडणं आणि त्याची बाजू समजून घेणं यांना स्वतंत्र गुण असतात.

ऑगस्टमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या दिवशी मुंबई गाठली, डोंबिवलीला मावसबहिणीकडे राहिले. तुम्हीही आदल्या दिवशीच जा. रात्रभर गाडीत काढून थेट केंद्रावर गेलात तर श्रवणाच्या पेपरला लक्ष टिकत नाही. केंद्रावर घड्याळ, फोन, पर्स सगळं बाहेर. श्रवण, वाचन, लेखन सकाळपासून ओळीने, संभाषण दुपारी. आतले प्रश्न सांगायचे नाहीत असा नियम आहे, त्यामुळे ते लिहीत नाही.

तीन आठवडे वाट बघितली. सप्टेंबरमध्ये निकाल आला: वाचन ३६०, लेखन ३३०, संभाषण ३७०, श्रवण ३३०. श्रवणात वीस गुण कमी. वॉर्डातच फोनवर बघितलं आणि ड्रेसिंग ट्रॉली ढकलत पुढच्या खाटेकडे गेले, कारण तिथे ड्रेसिंग व्हायचं होतं. रात्री घरी मात्र खूप रडले. बत्तीस हजार आणि आठ महिने डोळ्यांसमोरून गेले.

दोन दिवसांनी नियम शांतपणे वाचला, तो इथे मुद्दाम देते. एनएमसी (म्हणजे तिथलं कौन्सिल, आपलं नॅशनल मेडिकल कमिशन नव्हे) दोन परीक्षांचे गुण एकत्र धरतं. दोन्ही बारा महिन्यांच्या आत दिलेल्या हव्यात, दोन्ही वेळा चारही भाग दिलेले हवेत, आणि वाचन, श्रवण, संभाषणात कुठेही सी प्लसच्या आणि लेखनात सीच्या खाली गेलेलं नसावं. माझे ३३० सी प्लसमध्ये बसत होते. म्हणजे पुढच्या वेळी फक्त श्रवणात बी आणायचा होता, बाकीचे घसरू द्यायचे नव्हते. क्लासमध्ये हा नियम कुणी सांगितला नव्हता. नोव्हेंबरची तारीख घेतली, परत पूर्ण फी.

या वेळी वहीला दुसरी बाजू उघडली. श्रवणाच्या पहिल्या भागात रुग्ण आणि डॉक्टर-नर्स यांचं बोलणं एकदाच ऐकवतात आणि नोंदीतल्या गाळलेल्या जागा भरायच्या असतात. रुग्ण तिथे पुस्तकी बोलत नाही. आपण शिकलेलं इंग्रजी ‘लूज मोशन्स’, ‘गिडिनेस’, ‘बर्निंग मिक्च्युरिशन’ असं आहे. इंग्लंडचा रुग्ण लघवीच्या जळजळीला ‘इट स्टिंग्ज व्हेन आय पी’ म्हणतो. चक्कर आली तर ‘लाइट-हेडेड’ किंवा ‘वूझी’. मुंग्या आल्या तर ‘पिन्स अँड नीडल्स’. बरं नसेल तर ‘पुअर्ली’, जेवण जात नसेल तर ‘ऑफ माय फूड’. ‘आय फील सिक’ म्हणजे आजारी वाटतंय असं आपण धरतो, तिथे तो मळमळतंय म्हणतो, आणि ‘आय वॉज सिक’ म्हणजे उलटी झाली. नर्सिंग नोटमध्ये हा फरक केवढा मोठा आहे, ते वेगळं सांगायला नको.

यासाठी सगळ्यात चांगलं साधन मला फुकट मिळालं: एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, आजारांची माहिती देणारी वेबसाइट. तिथे मुद्दाम साधी भाषा वापरतात, सगळ्यांना कळावं म्हणून ‘पी’ (लघवी) आणि ‘पू’ (शौच) असेच शब्द लिहितात. हार्ट अटॅकच्या पानावर छातीतलं दुखणं दाब, जडपणा, आवळल्यासारखं, पिळल्यासारखं अशा शब्दांत सांगितलंय: प्रेशर, हेविनेस, टाइटनेस, स्क्वीझिंग. आपले रुग्ण ‘छातीत भरून आलंय’ म्हणतात, ते शेजारी लिहिलं. रोज एक आजार, एक पान. वाचायचं, मग मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करायचं, आणि बसमध्ये तेच ऐकायचं. शिवाय ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन रुग्णांच्या मुलाखती ऐकल्या, कारण परीक्षेत दोन्ही उच्चार येतात. डोळ्यांनी ओळखीचा झालेला शब्द कानाला ओळखीचा व्हायला वेगळा वेळ लागतो. हे वेळापत्रकातच धरून चाला.

नोव्हेंबरमध्ये परत तीच गाडी, तीच मावसबहीण. डिसेंबरच्या मध्यावर निकाल: श्रवण ३७०, वाचन ३५०, लेखन ३४०, संभाषण ३९०. एकत्र धरायचीही गरज पडली नाही. सासूबाईंनी आधी विचारलं, “गुडघ्याचं आलं होतं का?”

एकूण खर्च विचारतात म्हणून: दोन्ही परीक्षा, क्लास, पासपोर्ट आणि प्रवास मिळून ऐंशी हजारांच्या आसपास. क्लास टाळता येतो. आराखडा आणि नमुना प्रश्नपत्रिका ओईटीच्या वेबसाइटवर आहेत. सोबत सराव करायला मैत्रीण मात्र हवीच, ती शोधा. फी भरायची घाई करू नका. आधी नमुना श्रवणाचा पेपर एकदाच ऐकून सोडवा, तोही घरात टीव्ही बंद करून, आणि सलग चांगले गुण यायला लागल्यावरच तारीख घ्या. रोज पाच शब्द पुरतात, पण ते ड्युटीवर ऐकलेल्या माणसाच्या तोंडचे असू देत.

आता निकाल दोन वर्षं चालेल. पुढे सीबीटी, म्हणजे नर्सिंगच्या ज्ञानाची संगणकावरची परीक्षा आहे, फी ८३ पौंड. त्याच्या जोडीला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी मागवायची आहे. तिथे माझी नोंद माहेरच्या नावाने आहे आणि पासपोर्ट सासरच्या, त्यामुळे विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र काढायला घेतलंय. लग्न झालेल्यांनी हे काम परीक्षेच्या तयारीबरोबरच सुरू करावं, निकालापर्यंत थांबू नये. त्याचे अर्ज आणि लागलेला वेळ काम पूर्ण झाल्यावर लिहीन.